टॉप सर्जरीची तयारी कशी करावी आणि बरं व्हायला किती दिवस लागतात?

तू विचारलंयस : वय २४, पुण्यात एका मित्राबरोबर भाड्याने राहतोस, जूनमध्ये टॉप सर्जरी (ट्रान्स पुरुषाचे स्तन काढून छाती सपाट करायचं ऑपरेशन) ठरली आहे, घरी अर्धवटच सांगितलंय, तयारी काय करू आणि कामावर कधी जाता येईल? मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय. माझं ऑपरेशन २०२२ मध्ये पुण्यातच झालं.

सर्जन, पैसे आणि मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र या तीन गोष्टींच्या मागे आपण वर्षभर पळतो. मीही पळालो. पण ऑपरेशननंतर काही आठवडे आपल्याला आपले हात नीट वापरता येणार नाहीत, याचा विचार मी केलाच नव्हता. म्हणून आधी एक काम कर. तारखेच्या पंधरा दिवस आधी एखाद्या रविवारी दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून आख्खा दिवस काढून बघ. जिथे जिथे अडशील ते लिहून ठेव. दाराची वरची कडी, माळ्यावरचा डबा, कपडे वाळत घालायची उंच दोरी, पाण्याची बादली, कुकर, फिल्टरखालची भरलेली कळशी, डोक्यावरून काढायचा टी-शर्ट. मग ते सगळं कमरेच्या उंचीवर आण. पुढून बटणं असलेले चार-पाच ढगळ शर्ट घे. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उठताना हातावर जोर येतो, त्याची सोय आधी बघ. रात्री पाठीवर, थोडं उंच टेकून झोपायचंय. त्याची सवय महिनाभर आधीपासून कर, कुशीवर झोपणाऱ्याला ते फार जड जातं.

दुसरी तयारी माणसाची. पहिले किमान दहा दिवस कुणीतरी सोबत हवं, आणि पहिले तीन-चार दिवस तर चोवीस तास. मित्राला नुसतं “राहशील ना?” असं विचारू नकोस. ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या डब्या) रिकामे करायचे आहेत, पाठ पुसायची आहे, रात्री दोनला गोळी द्यायची आहे, हे एकेक करून सांग. माझा रूममेट रोज सकाळ-संध्याकाळ ड्रेनमध्ये किती मिली आलं ते कालनिर्णयच्या पानावर लिहायचा, डावा वेगळा, उजवा वेगळा. सर्जनने फोनवर विचारलं की तो पानावरचं वाचून दाखवायचा. ते पान मी जपून ठेवलंय.

आता शरीराची तयारी. सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा, व्हेप यांतलं काहीही असेल तर निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद, नंतरही तितकेच दिवस. यात मी कुणाचंही “एखादी चालते” ऐकून घेत नाही. डबल इन्सिजन पद्धतीत, म्हणजे दोन्ही बाजूंना स्तनाखाली लांब छेद घेतात तेव्हा, स्तनाग्रं काढून, लहान करून, नव्या जागी कलम लावावं तशी लावतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ते कलम न जगण्याचा धोका वाढतो. छाती लहान असेल तर कीहोल (एकदम लहान छेद) किंवा एरिओलाभोवतीच्या, म्हणजे स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवतीच्या, छेदाने काम होतं, तिथे व्रण कमी दिसतात. पण तुझ्या छातीला काय योग्य ते सर्जनला तपासूनच ठरवू दे, फोटो बघून हट्ट धरू नकोस. हिमोग्लोबिन दोन महिने आधी तपास. पाळी चालू असेल आणि रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना काम करायला वेळ लागतो. टी (टेस्टोस्टेरॉन) घेत असशील तर त्याचं काय करायचं ते सर्जनला आणि हॉर्मोनच्या डॉक्टरांना विचार; टॉप सर्जरीसाठी टी चालू असणं सक्तीचं नाही. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, काढे, जे काही घेतोस ते सगळं सांग, कारण त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो. आणि उपाशी राहायला सांगतात तेव्हा दुधाचा चहा पाण्यात मोजू नकोस. दूध पोटात असलं तरी भूल पुढे ढकलतात.

पत्रांबद्दल : डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं एकच पत्र पुरेसं मानतात, पण माझ्या सर्जनने दोन मागितली. तुझ्याकडे काय हवं ते आत्ताच विचार. खर्चाचा आकडा लेखी घे, त्यात भूलतज्ज्ञ, औषधं, कॉम्प्रेशन व्हेस्ट (ऑपरेशननंतर छाती आवळून धरणारं घट्ट बनियन) आणि पुढे दुरुस्ती लागली तर ती, सगळं धरून. आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा करार २०२२ मध्ये झाला, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण त्यात आहे, पण तुझं हॉस्पिटल त्यात बसतं का हे त्यांच्याकडून कळल्याशिवाय त्या भरवशावर राहू नकोस.

माझ्या आधारवर तेव्हा जुनं नाव होतं. त्यामुळे फाइलवर तेच, आणि वॉर्डात पहाटे पाचला नर्सने तेच नाव मोठ्याने पुकारलं. अंगावर हॉस्पिटलचा झगा, पोटात भीती, आणि ते नाव. मला आजही तो आवाज आठवतो. तू आदल्या आठवड्यात जाऊन भेट, फाइलवर हाक मारायचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घे, आणि खोली कोणत्या वॉर्डात, बायकांच्या की पुरुषांच्या, मिळणार ते विचार. कागदावरचं नाव बदललेलं नसलं तरी एवढं मागण्याचा तुला हक्क आहे.

पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त लक्ष हिमॅटोमावर ठेवायचं, म्हणजे आत रक्त साठणं. एकच बाजू भराभर फुगली, ताठ झाली, दुखणं वाढतच गेलं किंवा ड्रेन लालभडक रक्ताने भरू लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री कितीही वाजले असले तरी फोन. पोटरी सुजून दुखली किंवा श्वास लागला तर फोनही नाही, थेट कॅज्युअल्टी. ताप, जखमेला वास, पसरत जाणारा लालपणा दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की छातीवर ताण येतो, म्हणून इसबगोल आधीच घरात असू दे.

ड्रेन साधारण आठवड्याने निघतात. माझ्या सर्जनचा नियम होता, चोवीस तासांत एका बाजूला तीस मिलीच्या खाली आलं की काढायचे. त्याच दिवशी पट्ट्या उघडल्या आणि मी पहिल्यांदा सपाट छाती पाहिली. पण स्तनाग्रं काळी, खपलीदार दिसली आणि ती सडली असं वाटून मी घाबरलो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगतो : वरची खपली बहुतेकदा काळीच होते, दोन-तीन आठवड्यांत गळते, खाली गुलाबी कातडी असते. ओढायची नाही. संवेदना मात्र पूर्ण परत येईल असं धरून चालू नकोस.

पाचव्या दिवशी मी खूप रडलो. ज्याची दहा वर्षं वाट पाहिली ते झालं होतं, तरी रडलो. भूल, वेदना, झोप नाही, हालचाल नाही, त्यातून असं होतं. पश्चात्ताप झाला असा अर्थ लगेच काढू नकोस. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही मन वर येत नसेल तर तुझ्या समुपदेशकाला भेट.

त्याच संध्याकाळी आई कराडहून आली. ऑपरेशनला येणार नाही म्हणाली होती. पिशवीत डिंकाचे लाडू. म्हणाली, “बाळंतिणीला देतात तेवढेच मला येतात. अंग भरून यायला दुसरं काय देतात ते माहीत नाही.” तिने माझी पाठ कोमट पाण्याने पुसली. आम्ही त्यावर पुढे कधी बोललो नाही, पण त्यानंतर तिने मला जुन्या नावाने हाक मारलेली नाही. तू घरी अर्धवट सांगितलंयस म्हणतोस, तर तारीख तरी सांगून ठेव. यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

कामावर : बसून करायचं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांनी जमतं, ओझं उचलायचं असेल तर सहा ते आठ. चार-पाच किलोपेक्षा जड काही सहा आठवडे नाही, म्हणजे भरलेली बादलीसुद्धा नाही. नवव्या दिवशी मी ती उचलली आणि डाव्या बाजूला पाणी साठलं. सुईने दोनदा काढावं लागलं. दुचाकी आणि पीएमटीत वरचा दांडा धरून उभं राहणं, दोन्ही सर्जनने हो म्हटल्यावरच. व्रण पहिले सहा महिने लाल आणि जाड दिसतात, वर्ष-दीड वर्षाने फिके होतात. जखमा पूर्ण मिटल्यावर सिलिकॉन जेल लाव आणि ऊन टाळ.

डिस्चार्जच्या आधी ऑपरेशनचं प्रमाणपत्र हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने मागून घे. मला २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम ७ खाली, कागदोपत्री लिंग बदलण्याच्या प्रमाणपत्रासाठी, अर्ज करताना तेच लागलं, आणि नंतर मागायला गेलो तर पाच हेलपाटे झाले. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम मात्र सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर वाच.

आणि तुझी तारीख जूनमधली आहे. पुण्यात तेव्हा कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि व्हेस्ट तीन ते सहा आठवडे जवळजवळ दिवसरात्र घालायचा असतो. ओलसर घातलास तर काखेत पुरळ उठतं. मापाचे दोन व्हेस्ट घेऊन ठेव.