स्पेनमधल्या ग्रानादा शहरात एकटीने दोन दिवस फिरायचे तर नियोजन कसे करावे?

ऑक्टोबरच्या अखेरीस माद्रिदहून जाणार, दोन रात्री मुक्काम, शाकाहारी, सोबत कोणी नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मग सगळ्यात आधी अल्हाम्ब्राचे, म्हणजे टेकडीवरच्या मध्ययुगीन मुस्लिम राजवटीतल्या किल्ला-राजवाड्यांचे, तिकीट काढा. तिथल्या नासरी घराण्याच्या राजवाड्यांना प्रवेशाची ठरावीक वेळ मिळते आणि तुमचे दोन्ही दिवस त्या वेळेभोवतीच बसवावे लागतात. ती हातात येईपर्यंत रेल्वेचे आणि हॉटेलचे पैसे भरू नका.

तिकीट अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. त्यातले ‘हेनेराल’ हे दिवसाचे पूर्ण तिकीट निवडा. फक्त बागा, हेनेरालिफे हा उन्हाळी महाल आणि आल्काझाबा किल्ला दाखवणारे तिकीट स्वस्त असते, पण त्यात राजवाडे नसतात. घाईत तेच घेतले जाते आणि दारावर गेल्यावर ते कळते. अर्जात नाव आणि क्रमांक पासपोर्टवर आहेत तसेच टाका. आत ठिकठिकाणी तपासणी होते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. तारीख संपलेली दिसली तर निराश होऊ नका. रद्द झालेली तिकिटे परत विक्रीला येतात, आणि चार जणांपेक्षा एकटीला जागा मिळणे सोपे जाते. रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा. तरीही नाहीच जमले तर ‘ग्रानादा कार्ड’ पाहा. त्याचा कोटा वेगळा असतो आणि त्यात राजवाडे धरलेले असतात.

कोणती वेळ घ्यावी? सकाळी साडेआठची पहिली घ्या असे सर्रास सांगितले जाते. उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, आणि त्याआधीच्या आठवड्यात सूर्यच साडेआठच्या सुमारास उगवतो. तेव्हा दालनांत पुरेसा उजेड नसतो. त्या आठवड्यात साडेनऊ किंवा दहाची वेळ घ्या. रविवार उलटून गेला असेल तर साडेआठची उत्तम. वेळ अर्ध्या तासाची असते. त्या अर्ध्या तासात आत शिरायचे, बाहेर कधी पडायचे यावर बंधन नाही. सुरुवातीची रांग दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तेव्हा अगदी ठोक्याला धावायची गरज नाही. मात्र अर्धा तास उलटला की प्रवेश गेला, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत.

उशीर होण्याचे नेहमीचे कारण अंतर. तिकीटघराच्या दारापासून राजवाडे पंधरा-वीस मिनिटे चालत आहेत. तिकीट मोबाइलवर असेल तर तिकडे जाऊच नका. प्लासा नुएवा या खालच्या शहरातल्या चौकापासून कुएस्ता दे गोमेरेस हा चढ धरा, झाडीतून वर जा आणि १३४८ साली बांधलेल्या न्यायाच्या दरवाज्यातून आत शिरा. चढ दमवणारा आहे, पण वीस मिनिटांत पोचता. चढायचे नसेल तर सी३० किंवा सी३२ ही लहान बस वर जाते. मोठी सॅक आत चालत नाही. लहान असली तरी ती पुढे, छातीशी घ्यायला सांगतात.

आत गेल्यावर सिंहांच्या चौकात घाई करू नका. बारा सिंहांचे कारंजे सगळेच पाहतात. त्याभोवतीचे १२४ नाजूक खांबही पाहा. मग उत्तरेच्या बाजूला ‘दोन बहिणींचे दालन’ आहे, तिथे निवांत थांबा. वरचा घुमट प्लास्टरच्या पाच हजारांहून अधिक लहान कोनाड्यांनी मढवलेला आहे आणि त्याच्या बुडाशी खिडक्या आहेत. आडवा उजेड शिरतो तसतशा त्या कोनाड्यांच्या सावल्या सरकत राहतात. पुढच्या सज्जाच्या खिडक्या फार खाली वाटतील. त्या जमिनीवर बसणाऱ्यांसाठी बांधल्या आहेत. थोडे वाकून पाहिलेत की त्यांची उंची बरोबर वाटू लागते. गटाने आलेल्यांना गाईड इथून पाच मिनिटांत पुढे नेतो. एकटे असल्याचा खरा फायदा इथे आहे.

राजवाड्यांनंतर आल्काझाबा, आणि शेवटी हेनेरालिफे. तिथला पाण्याचा जिना चुकवू नका. त्याच्या कठड्यांवरूनच पाणी वाहते. दार्रो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून कालव्याने, निव्वळ उताराच्या जोरावर या टेकडीवर आणले आहे. एवढ्या उंचीवर बागा कशा फुलल्या, याचे उत्तर त्या कालव्यात आहे. संपूर्ण परिसराला चार तास धरा. १५ ऑक्टोबरनंतर तो संध्याकाळी सहाला बंद होतो. उतरताना कुएस्ता देल रेय चिकोने या, थेट नदीकाठच्या पासेओ दे लोस त्रिस्तेसला पोचता. तिथून कार्रेरा देल दार्रोने परत येताना अकराव्या शतकातले बान्युएलो हे अरबी स्नानगृह लागते.

दुसरा दिवस आल्बाइसिनचा. ही जुनी वस्ती म्हणजे पायऱ्या, गोटे बसवलेल्या गल्ल्या आणि उंच भिंती. नकाशावर दोनशे मीटर दिसतात, पण त्यात शंभर पायऱ्या असू शकतात. म्हणून मुक्काम इथे नको. चाकांची बॅग गोट्यांवर चालत नाही आणि बऱ्याच गल्ल्यांत टॅक्सीही जात नाही. प्लासा नुएवाच्या आसपास किंवा रेआलेहो भागात राहा. वर जायला सी३१ बस आहे.

सान निकोलासच्या चौकातून अल्हाम्ब्रा आणि मागे सिएरा नेवादा दिसते. घड्याळे मागे गेल्यावर सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, त्याआधी तासभर पोचा. गर्दी दाट असते आणि पाकीटमार तिथेच असतात. मोबाइल कठड्यावर ठेवू नका. सान मिगेल आल्तो हे अजून वरचे ठिकाण शांत आहे, पण एकटीने तिथे दिवसाउजेडीच जा. शेजारच्या साक्रोमोंते वस्तीच्या वरच्या, गुहांकडच्या पायवाटांनाही हाच नियम. मुख्य रस्ते मात्र रात्री उशिरापर्यंत गजबजलेले असतात. कॅथेड्रलजवळ कोणी हातात रोझमेरीची काडी दिली तर घेऊ नका. ती घेतली की हात पाहून पैसे मागतात. ‘नो, ग्रासियास’ म्हणायचे आणि न थांबता चालायचे.

माद्रिदहून थेट वेगवान रेल्वेला साधारण साडेतीन तास लागतात, पण दिवसाला गाड्या मोजक्याच असतात. सेव्हियाहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत सुचवतात, तो मला अजिबात पटत नाही. जाता-येता प्रत्येकी तीन तास बसमध्ये जातात आणि अल्हाम्ब्रा पळत पाहावी लागते. रात्री गारठा पडतो, शहर सातशे मीटरवर आहे, जाकीट घ्या.

आता जेवण. ग्रानादात पेय मागवले की सोबत खाण्याची एक लहान बशी, म्हणजे तापा, फुकट येते. दुसऱ्या पेयाबरोबर बहुधा वेगळी. काउंटरवर उभ्याने खाण्याची रीत असल्याने एकटीला अवघडल्यासारखे होत नाही. दारू नको असेल तर मोस्तो, म्हणजे द्राक्षाचा रस मागा. अडचण अशी की तापा बहुतेक ठिकाणी बारवालाच ठरवतो, आणि त्यात हामोन हे सुकवलेले डुकराचे मांस हमखास असते. म्हणून पेय सांगतानाच म्हणा, ‘सोय वेहेतारियाना, सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’. नुसते ‘सिन कार्ने’ म्हटलेत तर हामोन किंवा टूना मासा येऊ शकतो, कारण ते तिथे मांसात धरत नाहीत. साल्मोरेहो हे टोमॅटोचे दाट गार सूप शाकाहारी वाटते, पण वर हामोन आणि उकडलेले अंडे पेरलेले असते. आधीच नको म्हणा. तळलेल्या वांग्याच्या चकत्यांवर उसाची काकवी घातलेला ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ मात्र बेधडक मागवा. दुपारचे जेवण दोन ते चार, रात्रीचे नऊनंतर. मधल्या वेळेत बरीच स्वयंपाकघरे बंद असतात. तेव्हा भूक लागली तर काल्देरेरिया नुएवा गल्लीतली चहाची दुकाने उघडी असतात.