चार मिनिटांचा रिपोर्ट आणि मुलीचा लेख

पत्र : मुलगी दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. सोलापुरातच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांचा स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर ते लोक बनवतात. मध्यंतरी एक रिपोर्ट निघायला चार मिनिटं लागायची, हिने तो दोन सेकंदांवर आणला. मालकांनी पेढे वाटले. तेव्हापासून म्हणते, डेटाबेसवर (माहिती साठवणाऱ्या यंत्रणेवर) तांत्रिक मासिकांत लेख लिहिणार. मी म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. लेख लिहून पोट भरतं का? त्यात शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं.
– एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

नमस्कार.

पोट भरतं का? नुसत्या लेखांवर नाही. काही प्रकाशनं मानधन देतात, बरीच देत नाहीत, आणि देतात त्यावर घर चालत नाही. नोकरी सोडून लिहिणार असेल तर मीही तिला अडवीन. पण ती तसं म्हणते आहे असं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. शनिवार-रविवारी लिहायला नोकरीही आड येत नाही आणि बँकेची परीक्षाही.

माझं लक्ष त्या चार मिनिटांवर अडलं. नेमकं काय झालं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा तक्रारींत एक कारण वारंवार सापडतं. तुमच्या खातेवहीच्या कडेला अक्षरांच्या खाचा असतात ना, तसा डेटाबेसला इंडेक्स असतो. तारखेवर इंडेक्स आहे, पण प्रोग्रामरने विचारलं असं, की 'प्रत्येक तारखेतलं वर्ष काढ आणि ते २०२४ आहे का बघ'. मग सहसा खाचा असून उपयोग नाही, वही पहिल्या पानापासून चाळावी लागते. तेच '१ जानेवारीपासून पुढे, पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत' असं विचारलं की डेटाबेस थेट त्या पानावर जातो. उत्तर तेच, वेळ वेगळा. डेटाबेस नेमक्या कुठल्या वाटेने जाणार, म्हणजे त्याचा प्लॅन, हे 'एक्स्प्लेन' ही आज्ञा दाखवते.

मुलीने लिहायचं ते हेच. 'नॉर्मलायझेशन (टेबलांची नीट विभागणी) म्हणजे काय' यावर लिहू नये, ते हजारदा छापून झालंय आणि आता यंत्रही क्षणात लिहून देतं. टेबलात किती लाख ओळी होत्या, डेटाबेसची आवृत्ती कोणती, आधीचा प्लॅन काय, नंतरचा काय, आधी कोणता उपाय करून फसली, आणि इंडेक्स वाढवल्यावर नवी नोंद करायला किती जास्त वेळ लागू लागला, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात, संपादकाचे तांत्रिक परीक्षक नेमकं तेच विचारतात. माग बंद पडला की 'नवा घ्या' म्हणणारे पुष्कळ असतात. दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवणारा जॉबर तुम्ही कसा जपता, ते आठवा.

इंग्रजीची काळजी मी फारशी करणार नाही. वाक्यं संपादक नीट करतो, खोटं मोजमाप त्याला नीट करता येत नाही. छोटी वाक्यं लिहू दे. पॉस्टग्रेस आणि मायएस्क्यूएल या डेटाबेसांची अधिकृत मार्गदर्शिका रोज दोन पानं वाचली तरी या विषयाला लागणारी भाषा हाताशी येते.

एक विषय मी स्वतःहून सुचवतो. आपल्या गावात ग्राहकांची नावं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सगळीच. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा 'ऱ्' कॉम्प्युटरमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर सगळे सारखे दिसतात, पण आतले बाइट, म्हणजे कॉम्प्युटरने साठवलेले आकडे, वेगळे. डेटाबेस बाइटला बाइट लावून तुलना करत असेल तर एकाच माणसाची दोन खाती होतात आणि शोधल्यावर एकच सापडतं. युनिकोड या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की नुक्ता लावलेला 'र' आणि अखंड 'ऱ' एक होतात, पण न दिसणारं जोडचिन्ह घालून केलेला 'ऱ्' तरीही वेगळाच राहतो. यावर सोलापुरातून लिहिलेला लेख मला तरी वाचायला आवडेल.

लेखाने काय होतं, असंही तुम्ही मनात म्हणत असाल. आयबीएम या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका नियतकालिकात अकरा पानी लेख लिहिला. आज बँकांपासून तुमच्या स्टॉकपर्यंत बरंच काही ज्या टेबलांत साठतं, ती कल्पना त्यातली. खुद्द आयबीएमने माल बाजारात आणायला वेळ लावला. तिथल्या संशोधकांचे छापील लेख वाचून आजच्या ओरॅकल कंपनीवाल्यांनी १९७९ मध्ये तो आधी विकायला काढला. मुलीचा लेख एवढं करणार नाही, हे उघड आहे. पण पाच-सहा चांगले लेख नावावर असले की पुण्यात मुलाखतीला तिची ओळख आधीच पोचलेली असते. टेक्निकल रायटर किंवा डेटाबेस सल्लागार या वाटाही तिथूनच फुटतात.

सुरुवातीला 'ओपन सोर्स फॉर यू'सारखं भारतीय मासिक बघावं. आधी सगळा लेख पाठवू नये. दहा-बारा ओळींत अडचण, उपाय आणि आकडे लिहून संपादकाला विचारावं. नकार आला तर त्याच ओळी सुधारून दुसरीकडे.

मालकांची लेखी परवानगी मात्र आधी. व्यापाऱ्यांची नावं, दर, साठा यातलं एक अक्षरही लेखात जाता कामा नये. खोटी माहिती भरून तेवढंच मोठं टेबल बनवायचं आणि मोजमाप त्यावर पुन्हा घ्यायचं. पेढे वाटणारे मालक परवानगी नाकारतील असं वाटत नाही.

मसुदा झाला की तो तिने तुम्हाला मराठीत समजावून सांगावा. मधल्या आज्ञा तुम्हाला कळणार नाहीत, पण रिपोर्ट का अडकला होता ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर तिला तसं स्पष्ट सांगा आणि तेवढा परिच्छेद पुन्हा लिहायला लावा.