कोल्हेकुई ऐकून लेक घाबरते, ती माझ्यामुळे?

"मॅडम, ही भीती तिच्या रक्तातच आहे, की मी तिला दिली?"

सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईने हे विचारलं तेव्हा तिची साडेचार वर्षांची मुलगी बाहेरच्या खोलीत आजीजवळ चित्र रंगवत बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांची बदली झाली आणि चार महिन्यांपूर्वी हे कुटुंब जंगलालगतच्या वसाहतीत राहायला गेलं. अंधार पडल्यावर कोल्हेकुई सुरू झाली की मुलगी धावत येऊन आईला बिलगायची. मग रात्रभर आईचा हात सोडायची नाही. घरात दोन मतं होती. बाबा म्हणायचे, जंगली जनावराच्या आवाजाला माणूस घाबरणारच, ते उपजतच असतं. आजी म्हणायची, तू घाबरतेस म्हणून पोर घाबरते. या दोन्हींच्या मधे आई अडकली होती आणि आजीचं वाक्य तिला फार लागलं होतं.

मी तिला विचारलं, आवाज आल्यावर पहिल्या क्षणी काय होतं आणि त्याच्या पुढच्या क्षणी काय होतं?

तिने बराच विचार केला. पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, म्हणाली. मग ती उठते, खिडकी लावते, मुलीला ओढून जवळ घेते आणि "काही नाही, काही नाही" म्हणते. म्हणताना स्वतःचाच श्वास वर अडकलेला असतो.

या दोन क्षणांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. पहिल्या क्षणातलं बरंचसं खरोखर उपजत आहे. अचानक मोठा आवाज झाला की तान्हं बाळही दचकतं, ते त्याला कुणी शिकवत नाही. झपाट्याने वाढत जाणारा आवाज काहीतरी जवळ येत असल्यासारखा वाटतो, म्हणून त्याकडे लक्ष वेधलं जातं. प्राणीशास्त्रज्ञ यूजीन मॉर्टन यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की पक्षी आणि सस्तन प्राणी चवताळले की त्यांचा आवाज खालच्या पट्टीत जातो, खरखरीत होतो. घाबरले किंवा नमतं घेऊ लागले की तोच बारीक आणि सुरेल होतो. गुरगुरण्याचा अर्थ आपल्याला न सांगता कळतो, तो बहुधा यामुळेच.

पण अमुक प्राण्याला भ्यायचं, अशी यादी घेऊन आपण जन्माला येत नाही. ऑस्ट्रेलियात नऊ महिन्यांच्या बाळांना सापाचा फुत्कार, रागावलेला माणसाचा आवाज असे जुन्या काळापासूनच्या धोक्यांचे आवाज ऐकवण्यात आले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले. मंदावलेले ठोके म्हणजे बाळ लक्ष देऊन ऐकतं आहे. भीतीने ते धडधडत नव्हतं, कान टवकारत होतं.

"मग ती घाबरते कशी?" आईचा पुढचा प्रश्न.

मी तिच्या परवानगीने एक छोटी गोष्ट करून पाहिली. मुलीला आत बोलावलं, आई बाहेर थांबली. फोनवर कोल्हेकुईची ध्वनिफीत अगदी हळू आवाजात लावली. मुलीने रंगीत खडू खाली ठेवला, मान वाकडी करून ऐकलं आणि विचारलं, "हा तोच आहे का? आता एकटाच आहे?" थोड्या वेळाने आई आत आली. ध्वनिफीत तीच, आवाजही तेवढाच. या वेळी मुलीने फोनकडे पाहिलंच नाही. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी 1980 च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग मला अशा वेळी नेहमी आठवतात. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. मात्र जंगलात वाढलेलं माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिलं आणि तीही घाबरायला लागली. नंतर चित्रफितीत फेरफार करून माकड जणू फुलालाच घाबरतं आहे असं दाखवलं, तेव्हा फुलाची भीती काही बसली नाही. म्हणजे जमीन तयार असते, बी मात्र पाहून पडतं. माणसाच्या बाळांबाबतही मानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश आणि व्हनेसा लोब्यू यांनी 2009 मध्ये असंच काहीसं नोंदवलं. सापाची चित्रफीत नुसती पाहून बाळं घाबरली नाहीत, पण सोबत घाबरलेला माणसाचा आवाज असला की ती सापाकडे जास्त वेळ पाहत राहिली.

हे ऐकून आईचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

इथे मला थांबणं भाग होतं, कारण 'माझ्यामुळे' आणि 'माझा दोष' या दोन गोष्टी एक नाहीत. मूल आईकडे पाहून जग शिकतं ते आईवर विश्वास असतो म्हणून. जो चेहरा भीती सांगतो, तोच धीरही सांगू शकतो. आजीचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं, पण ते ज्या सुरात तिच्या कानी पडलं, त्याने तिची भीती आणखी वाढली होती.

मग तिला विचारलं, तो आवाज तुम्हाला कसा वाटतो? कुणी हल्ला करायला येतंय, असा?

"नाही," ती पटकन म्हणाली. "कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटतं. आणि मी काहीच करत नाहीये, असं."

माझ्या दृष्टीने सगळी गाठ या वाक्यात होती. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुझन लिंगल आणि टोबियास रीड या संशोधकांनी हरिणींना वेगवेगळ्या प्राण्यांच्या पिल्लांचे आक्रोश ध्वनिवर्धकातून ऐकवले. त्यात माणसाचं बाळही होतं. पट्टी त्यांच्या पाडसाच्या रडण्याशी जुळणारी असली की हरिणी त्या दिशेने धावत गेल्या. कोल्हेकुईचा उंच, लांबत जाणारा, थरथरता सूर रडण्याच्या किती जवळचा असतो, हे ज्याने ऐकलं आहे त्याला सांगायला नको. या आईला कोल्ह्याची भीती जितकी वाटत होती, तितकीच तिच्यातली आई त्या सुराला हाक समजून जागी होत होती. ही भीती तिला कुठून आली, लहानपणी काय घडलं, ते तिला आठवत नव्हतं. मीही खोदलं नाही.

पुढचे सहा आठवडे काम आईसोबत झालं, मुलीसोबत फार थोडं. दुपारच्या उजेडात ध्वनिफीत हळू आवाजात लावायची, श्वास सावकाश सोडायचा आणि अस्वस्थता उतरेपर्यंत उठायचं नाही. आवाज थोडाच वाढवायचा, तोही आधीची पायरी कंटाळवाणी वाटायला लागल्यावर. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरवर हीच रीत वापरली होती. तो आवडीचं खात असताना ससा दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. मुलाला एकदम आवाजात ढकलून 'धीट' करण्याचा सल्ला कुणी देत असेल तर तो कृपा करून मानू नका.

भीती लपवायलाही मी सांगितलं नाही. मुलांना ती कळतेच, आणि लपवलेली भीती त्यांना जास्त गूढ वाटते. त्यापेक्षा तिने मोठ्याने म्हणायचं, "मी दचकले बरं का. कोल्हे एकमेकांना हाका मारतायत. चल, किती जण आहेत ऐकू." रात्री अंगणात एकटं न जाण्याचा घरातला नियम मात्र तसाच ठेवला. तो शहाणपणाचा होता.

मधल्या एका भेटीत मुलीने मलाच विचारलं, "आपण बोललो तर त्यांना भीती वाटते?" कोल्ह्यांचं मी ठामपणे सांगू शकत नव्हते, पण आफ्रिकेतलं सांगितलं. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पाणवठ्यांवर ध्वनिवर्धक ठेवले होते. 2023 च्या त्या अभ्यासात सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसाच्या साध्या बोलण्याने प्राणी पळून जाण्याची शक्यता दुप्पट दिसली. हत्ती, जिराफ, जवळजवळ सगळेच माणसाच्या आवाजाने जास्त बिचकले. ती गंभीर झाली. मग म्हणाली, "मग आपण हळू बोलू."

अशी भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकली, झोप, शाळा, बाहेर जाणं अडू लागलं, तर मदत घ्यावी. हे कुटुंब त्याआधीच आलं, हे बरं झालं.

शेवटच्या भेटीत आई म्हणाली की काटा अजून येतो. मुलगी आता अंथरुणातूनच आवाज मोजते, तिच्या हिशेबाने आदल्या रात्री सहा होते. नीट ऐकू येत नाही म्हणून खिडकी उघड, असा तिचा हट्ट होता. आईने खिडकी चार बोटं उघडली.