दीड वर्षाच्या बोक्याला कोरडं खाणं द्यावं, ओलं की कच्चं मांस?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण आमच्या घरातही हेच भांडण होऊन गेलंय. तुम्ही लिहिलंत: पणजीतला फ्लॅट, दीड वर्षाचा, नसबंदी झालेला, चार किलोचा बोका. दुकानदार सांगतो कोरडे दाणे घाला, दात स्वच्छ राहतात. मित्र म्हणतो कच्चं चिकन द्या, मांजर म्हणजे छोटा वाघच. आणि आजी म्हणतात, बांगड्याचं डोकं नि भात यावर आमची सगळी मांजरं जगली. मला विचाराल तर मी हे पाण्याच्या हिशेबाने ठरवते. का, ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

मी डिचोलीला राहते, चौदा वर्षं घरात मांजरं आहेत. आमचा बाबलो तीन वर्षांचा होईपर्यंत निव्वळ दाण्यांवर होता. सकाळी भांडं भरायचं नि कामाला जायचं, यासारखी दुसरी सोय नाही. एका श्रावणात तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, पुन्हा उठायचा. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. सासूबाईंनी चमचाभर तूप चाटवलं. त्यात अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, मूत्राशय मोसंब्यासारखं टणक लागतंय, लघवीची वाट बंद झालीय. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाइन. अशा अडकण्यात रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, हे मला तेव्हा कळलं. बोक्याचा मूत्रमार्ग भाटीपेक्षा लांब नि अरुंद असतो, म्हणून हे संकट बहुतेक वेळा बोक्यांवरच येतं.

हे दाण्यांनीच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. बाबलो जाडा होता, दिवसभर घरात लोळायचा, आणि तेव्हा शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, त्या आवाजाने तो बिथरलेला असायचा. ताण हेही यातलं एक मोठं कारण मानतात. पण पाणी कमी पोटात गेलं की लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीत खडे धरायला वेळ लागत नाही.

आता हिशेब. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या बोक्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी आणि ढोबळमानाने २०० मिली पाणी लागतं. सगळं कोरडं दिलं तर ५५ ग्रॅम दाणे पुरतात. त्यात पाणी असतं दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे एक चमचा. उरलेलं सगळं त्याने भांड्यातून प्यायला हवं. आणि नेमकं इथेच अडतं. आपली मांजरं ज्या रानमांजरांपासून आली ती आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रखरखीत भागातली. त्यांना पाणी मिळायचं ते शिकारीतून, कारण उंदराच्या अंगात जवळपास ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान उशिरा जाणवते. कोरडं खाणारं मांजर पाणी जास्त पितं हे खरं, पण ओलं खाणाऱ्याच्या पोटात एकूण जेवढं पाणी जातं तेवढं ते भरून काढत नाही. ओल्या खाण्याची ८५ ग्रॅमची दोन पाकिटं दिलीत तर त्यातूनच सव्वाशे मिलीच्या वर पाणी जातं, त्याला कळतही नाही.

म्हणून तुमच्या बोक्यासाठी माझं मत: सकाळी एक पाकीट, रात्री एक पाकीट, आणि मध्ये पंधरा-वीस ग्रॅम दाणे, तेही वजनकाट्यावर मोजून. मुठीने घालू नका. नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंगाची गरज कमी होते, त्यामुळे सदा भरलेलं भांडं म्हणजे लठ्ठपणाला आवतण.

पाकिटं महाग पडतात, ते कबूल. आमच्याकडे आता तीन मांजरं आहेत, महिन्याचा आकडा मी घरात मोठ्याने बोलत नाही. परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. दाण्यांवर कोमट पाणी घाला, पाच मिनिटं भिजू द्या आणि अर्ध्या-पाऊण तासात उरलेलं टाकून द्या, आपल्या हवेत ते लगेच आंबतं. पाण्याची दोन-तीन पसरट भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब. चिकन उकडलेलं पाणी, मीठ-कांदा-लसूण काहीही न घातलेलं, दोन चमचे दिलंत तर बहुतेक मांजरं चाटून पुसून पितात.

दुकानदाराचा दातांचा मुद्दा मात्र सोडून द्या. साध्या दाण्यांनी दात घासले जात नाहीत. मांजर तो दाणा एकदा फोडतं किंवा तसाच गिळतं. खास दातांसाठी बनवलेले मोठे दाणे मिळतात, ती गोष्ट वेगळी.

दाण्यांचा खरा शत्रू आपला पावसाळा. जूनमध्ये पिशवी उघडली की आठ दिवसांत दाणे मऊ पडतात, चरबीला खवट वास येतो, बुरशी धरते. दहा किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून आणू नका, दीड किलोच्या आतलंच आणा. दाणे डब्यात ओतू नका. मूळ पिशवीच तोंड दुमडून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण डब्याच्या कडांना जुनी चरबी चिकटून राहते आणि नवा माल बिघडवते. मुंग्यांसाठी उपाय जुनाच, ताटलीत पाणी आणि त्यात भांडं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं हवं. नुसते माशाचे तुकडे रश्शात घातलेली बरीच पाकिटं ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतात, म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. प्रथिनांचे आकडे बघून फसू नका. दाण्यांवर ३२ टक्के आणि पाकिटावर ८ टक्के लिहिलेलं असतं, पण पाकिटात ८२ टक्के पाणी असेल तर सुक्या भागात प्रथिनं जवळपास ४४ टक्के होतात. दाण्यांचं तेच गणित केलं तर येतात साधारण ३५. आणि कुत्र्याचं खाणं मांजराला रोजचं म्हणून चालत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतंही. त्यातली बरीच मांजरं चक्क विकतच्या खाण्यावर होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं.

आता तुमच्या मित्राचा वाघ. मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्यात शंकाच नाही. त्याला गोड चवसुद्धा कळत नाही, गोड ओळखणारं जनुकच मोडलेलं असतं. पण रानातलं मांजर उंदीर अख्खा खातं: हाडं, काळीज, आतडी, सगळं. मापशाच्या बाजारातून आणलेलं बिनहाडाचं चिकन म्हणजे अर्धा उंदीरही नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पिल्लाला महिनाभर तेवढंच दिलं तर हाडं ठिसूळ होतात. शिवाय कच्च्या मांसातले आजाराचे जंतू: साल्मोनेला, लिस्टेरिया, टॉक्सोप्लाझ्मा. फ्रीझरमध्ये ठेवून काही कृमी मरतात, जिवाणू मरत नाहीत, ते नुसते झोपतात. त्यात भर आता बर्ड फ्लूची. अमेरिकेत २०२४ च्या शेवटी एका कच्च्या टर्कीच्या खाण्यातून एच५एन१ होऊन मांजर दगावलं, ते खाणं बाजारातून परत मागवावं लागलं. घरात आजी आहेत, उद्या कुणी गरोदर असेल. त्याच ओट्यावर कच्चं मांस कापायचं, त्याच मांजराने मग आजींच्या मांडीवर बसायचं. मी तरी हे करणार नाही. परदेशात काही लोक पशुवैद्याकडून नीट पाककृती घेऊन, पूरक द्रव्यं घालून करतात, त्यांची मेहनत मोठी असते. तुमचा मित्र तेवढी करतो का, विचारा. चिकन द्यायचंच असेल तर उकडून द्या, हाडं काढून, वरचा खाऊ म्हणून. आणि उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, टॉरिन पाण्यातच उतरतं.

राहता राहिल्या आजी. त्यांच्या मांजरांचं गुपित भात-बांगड्यात नव्हतं. ती मांजरं कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत फिरायची, उंदीर, पाली, बेडूक, टोळ खायची. घरचा भात हा वरचा घास. ज्या मांजराला खिडकीच्या जाळीपलीकडे जाता येत नाही त्याला हे जोडखाणं कुठून मिळणार? शिवाय मासा हे मांजराचं मूळ अन्नच नाही. वाळवंटात कुठले आलेत बांगडे? काही कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडणारं द्रव्य असतं. रोज कच्चे मासे खाणारं मांजर लटपटायला लागतं, मान खाली झुकते, झटके येतात. शिजवल्यावर ते द्रव्य नष्ट होतं. पण तारल्यासारखा तेलकट मासा शिजवूनसुद्धा रोज दिला तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, मांजराला हात लावून घ्यायलाही दुखतं. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, खारं सुकं तर अजिबात नको, त्यात मीठच मीठ. हुमण, म्हणजे माशाची आमटी, तीही नको, कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. माझ्या माहेरच्या चिंगीला निव्वळ ताज्या मासळीची चटक लागली होती. एक जूनला ट्रॉलर बंद झाले की ३१ जुलैपर्यंत तिचं उपोषण आणि आईचा जीव टांगणीला. श्रावण आला, चवथ आली, घरात शिवराक, म्हणजे मासळी बंद, की पुन्हा तेच. मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून मरू शकतं. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा नियम मांजराला लावायचा नाही.

म्हणून बदल करताना घाई नको. पहिले दोन-तीन दिवस दाण्यांच्या शेजारी एक चमचा ओलं, वेगळ्या वाटीत. मग हळूहळू वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण. फ्रीजमधलं थंडगार देऊ नका, वाटी गरम पाण्यात धरा, वास सुटला की तो येतो. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये दोन दिवस, बाहेर एक तास, त्यापुढे नाही. रोज ट्रेमधल्या वाळूच्या गोळ्या मोजा, मी मोजते. गोळ्या अचानक कमी झाल्या, किंवा तो बसतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, तर रात्र काढू नका आणि तूप चाटवू नका, आहात तसे गाडी काढा. त्याला किडनीचा किंवा खड्यांचा त्रास आधीच निघाला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेच खाणं.

आणि आजींना बांगडा द्यायचाच असेल, तर रविवारी, हळद-मीठ लावायच्या आधी एक तुकडा बाजूला काढून, उकडून, काटे निवडून. बोटाएवढा. डोकं त्यांनी स्वतः हुमणात घालून खावं.