‘हे सगळं तुझंच का गं?’

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी एका नव्या तऱ्हेची माणसं येऊ लागली आहेत. दिवसभर नोकरी, घर, मुलांचे क्लास यांत अडकलेली आणि रात्री ओटा आवरून झाला की मोबाईलवर प्रेमकथा लिहिणारी. बहुतेक बायका, काही पुरुष. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त उसळतं, अशा तक्रारी घेऊन ती येतात. डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल असल्याचं आधीच सांगितलेलं असतं. लिहिण्याचा विषय बऱ्याच उशिरा निघतो, तोही एकदा दाराकडे बघून, आवाज खाली आणून. आणि त्यापाठोपाठ येणारी काळजी जवळजवळ शब्दाशब्दाने सारखी असते: “मॅडम, लोकांना वाटेल हे सगळं माझंच आहे. हिच्या घरात काहीतरी कमी असणार, नाहीतर बाहेर काहीतरी असणार.”

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने हे म्हटलं. स्त्रीच्या नावाने लिहिणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनीही म्हटलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिल्या, ही आठवण करून दिल्यावर सर जरा सैल होऊन बसले. ही काळजी इतक्यांदा कानावर आली आहे, की एकदा तिच्याविषयी सविस्तर लिहायलाच हवं. त्यासाठी शुभांगीताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे.

शुभांगीताई एका पतसंस्थेत हिशेब बघतात. वय चाळिशीच्या पुढे, मुलगी तेव्हा बारावीत, नवरा कारखान्यात पाळीवर, घरात सासूबाई. प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर त्या टोपणनावाने एक प्रेमकथा भागाभागाने लिहीत होत्या. खाली वाचक विचारायचे, “पुढचा भाग कधी?” कथा पूर्ण झाल्यावर एका वाचक मैत्रिणीने सुचवलं, की हे आता ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक म्हणून टाक. शुभांगीताईंनी सगळं स्वतः केलं. भाग एकत्र केले, शुद्धलेखन तपासलं, मोबाईलवरच्या ॲपमध्ये मुखपृष्ठ बनवलं, किंमत ठरवली. मग शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं, आणि ते महिनोन्‌महिने राहिलं.

कारण एका दुपारी डबे उघडले असताना ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी मोबाईलवरून एक उतारा मोठ्याने वाचून दाखवला. तो शुभांगीताईंचाच होता. बाईंना ते माहीत नव्हतं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “काय लिहिते ही बाई! अनुभव असल्याशिवाय असं सुचायचं नाही.”

“त्या वाईट बोलल्या का?” मी विचारलं.

“नाही, कौतुकच केलं.”

“मग?”

“अनुभव असल्याशिवाय, म्हणाली ना मॅडम. त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही.”

अशा वेळी घरचे, मैत्रिणी एकच सांगतात: लोकांकडे लक्ष देऊ नकोस, कोणी काही म्हणत नाही. मी हे कधीच सांगत नाही, कारण ते खरं नसतं. लोक म्हणू शकतात. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर घडलेली समुपदेशक आहे. महाराष्ट्रात तो विचार डॉ. कि. मो. फडक्यांनी रुजवला. त्या वाटेवर मी शिकले ते असं: जी भीती वाटते ती खरी ठरली असं धरून चालायचं, आणि मग पुढे नेमकं काय होईल ते बघायचं.

“समजा, कळलं ऑफिसात. कुजबुज झाली. पुढे?”

“पुढे काय! मी मेलेच.”

“दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगा. किती वाजता निघता?”

“साडेनऊला. स्कूटी काढते.”

“पोहोचल्यावर?”

“आदल्या दिवसाची कॅश जुळवायची. मग कर्जाचे हप्ते चुकलेल्यांना फोन.”

“त्या दिवशी कॅश जुळेल?”

त्या थोडं थांबल्या. “जुळेल. वाईट वाटत असेल, पण जुळेल.”

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. वाईट वाटणं आणि सगळं संपणं यांत जे अंतर आहे ते माणसाने स्वतः मोजायला हवं. दुसऱ्याने मोजून दिलेलं टिकत नाही.

याच सुमाराला मी त्यांना एलिस यांची एक हकीकत सांगितली. लाजेने बायकांशी बोलता न येणारा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलू लागला. १३० जणींपैकी ३० उठून निघून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण नकारामुळे आपल्याला काहीही होत नाही, हे त्याला कळून चुकलं. याच एलिस यांना तरुणपणी कादंबरीकार व्हायचं होतं; भरपूर लिहिलं, पण ते छापलं गेलं नाही. शुभांगीताईंना उद्यानापेक्षा हा दुसरा भाग जास्त लागला. “म्हणजे ते छापा म्हणत होते आणि कोणी छापत नव्हतं. आणि माझं तर बटण माझ्याच हातात आहे,” त्या म्हणाल्या.

तरी बटण दाबलं गेलं नाही. आता नवी अडचण निघाली. पुस्तकावर टोपणनाव चालतं, पण किंडलवर पुस्तक टाकायचं खातं काढताना खरं नाव, पॅन आणि बँकेचा तपशील द्यावाच लागतो. ताईंचं बँकेतलं खातं नवऱ्याबरोबर जोडखातं. ज्या महिन्यात पुस्तक विकलं जातं, तो संपल्यावर साधारण ६० दिवसांनी रॉयल्टी जमा होते, आणि त्याचा मेसेज जाणार नवऱ्याच्या मोबाईलवर. “दुसऱ्या बँकेत वेगळं खातं काढू का गुपचूप?” त्यांनी विचारलं.

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. एक काम दिलं: पुस्तक पहिल्या पानापासून वाचा, पण नवऱ्याच्या नजरेने. ‘हे ह्यांनी वाचू नये’ असं जिथे पोटातून वाटेल, तिथे खूण करा.

कुणालाही वाटेल, खुणा जवळिकीच्या प्रसंगांवर असतील. पुस्तकात पावसाळी रात्र आहे, आंबोलीचा घाट आहे, बंद पडलेली गाडी आहे. तिथे एकही खूण नव्हती. अख्ख्या पुस्तकात खूण एकच होती, एका साध्यासुध्या प्रकरणावर. नायिका मार्चअखेरीमुळे रात्री उशिरा घरी येते. नायक जेवायचा थांबलेला असतो. तो उठतो, तव्यावर भाकरी गरम करतो आणि विचारतो, “ताट वाढू?”

मी म्हटलं, वाचून दाखवा. ताईंनी वाचायला सुरुवात केली. ‘ताट वाढू’पाशी आवाज अडकला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प राहिले. घाईने धीर दिला असता तर पुढचं वाक्य आलंच नसतं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मार्चमध्ये मला रात्री दहा वाजतात, मॅडम. घरी सगळ्यांची जेवणं झालेली असतात. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. वाईट कोणीच वागत नाही. पण उठत कोणी नाही.”

मी विचारलं, “हे कधी कुणाला बोललात?”

“काय बोलायचं? एवढ्याशा गोष्टीसाठी? ताट तर ठेवलेलं असतं ना.”

इतक्या जणांची तीच काळजी ऐकल्यावर माझ्या मनात जे हळूहळू जमत होतं, ते त्या क्षणी लख्ख झालं. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला आपण ‘तसलं’ लिहितो याची लाज वाटते, असं सगळे धरून चालतात. तीही तसंच धरते. पण खोलवरची लाज वेगळीच असते. आपल्याला काहीतरी हवं आहे, हे उघड होण्याची ती लाज असते. घाटातली रात्र कल्पनेतली म्हणून सोडून देता येते. ताट वाढायला उठणारा माणूस मात्र खरोखर हवा असतो. चांगल्या बाईला स्वतःसाठी काही लागू नये, या समजुतीत वाढलेल्या बाईला ते हवंसं वाटणंच चोरी वाटू लागतं. लोकांनी पकडू नये म्हणून ती जे लपवते, ती ही चोरी. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

म्हणूनच ‘हे काल्पनिक आहे असं सांगून टाक’ हा सल्ला अपुरा पडतो. प्रसंग काल्पनिक असतात, इच्छा खरी असते, आणि ते लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे मी लिहिणाऱ्यांना सांगते: इच्छा खरी आहे हे आधी स्वतःपाशी मान्य करा. एखादी गोष्ट हवीशी वाटणं म्हणजे घरातल्या माणसावर आरोप करणं नव्हे. ती मिळायलाच पाहिजे असा हट्ट धरला तर त्रास होईल; मिळाली तर आवडेल, एवढ्यावर ठेवली तर ती मागताही येते.

शुभांगीताईंनी विचारलं, “मग ह्यांना तेवढं प्रकरण वाचायला देऊ? त्यांना आपोआप कळेल.”

मी ठामपणे नाही म्हटलं. कादंबरीला निरोप्या करू नका. पुस्तकाविषयी सांगणं हे एक काम, आणि मार्चमध्ये सोबत हवी आहे हे सांगणं हे दुसरं. दोन्ही एकाच दिवशी करू नका. पुस्तकातून मागितलेली गोष्ट समोरच्याला टोमणा वाटते, आणि मग पुस्तकही बिघडतं आणि मागणंही.

टोपणनावाबद्दल मला नेहमी विचारलं जातं: ते वापरणं म्हणजे घाबरणं का? मुळीच नाही. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींची घुसमट मराठीत उघडपणे आली, आणि केवढं वादळ उठलं! ही विभावरी कोण याचे तर्क चालू राहिले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव झाकलं म्हणून त्यांचं म्हणणं लेचंपेचं झालं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही टोपणनावाने आलेल्या लेखनासाठी वेगळी तरतूद आहे, प्रकाशनापासून ६० वर्षांच्या संरक्षणाची. टोपणनावाने लिहिणारा हा कायद्याच्या लेखी पूर्ण लेखक आहे.

मात्र खाजगी ठेवणं आणि लपवणं यांतला फरक ओळखायला हवा. खाजगी ठेवलेल्या गोष्टीमुळे मोकळं वाटतं. लपवलेल्या गोष्टीची रोज राखण करावी लागते. सहकारी बाईंना माहीत नसणं हे खाजगी. नवऱ्याला मेसेज जाऊ नये म्हणून गुपचूप दुसरं खातं काढणं, आयकर विवरणात दाखवायचं ते उत्पन्न घरात मात्र दडवणं, ही राखण. तिनेच झोप उडते. ज्या एका-दोन माणसांच्या रोजच्या सोबतीत आपण जगतो त्यांना सांगावं, बाकी कुणाचाही त्यावर हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात, घरात मारहाण किंवा धाक असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं.

ताईंनी जोडखात्यापासूनच सुरुवात केली. “अहो, आपल्या खात्यात एका पुस्तकाचे थोडे पैसे येतील. ते पुस्तक मी लिहिलंय.” नवऱ्याने आधी पैसे कसे मिळतात ते विचारलं. मग जरा वेळाने, “मी आहे का त्यात?”

“तुम्ही नाही. पण मला हवंसं वाटलेलं बरंच आहे.”

नवऱ्याने दुसऱ्या पाळीच्या सुट्टीत थोडं थोडं करून पुस्तक वाचलं. नायक फार बोलतो, एवढा एकच अभिप्राय दिला. पुढे काही दिवसांनी ताईंनी दुसरं काम केलं: “मार्चमध्ये मी आले की जेवताना माझ्याजवळ बसाल का?” पहिला आठवडा ते बसले. मग त्यांची रात्रपाळी लागली. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. मागता आलं, याचंच त्यांना अप्रूप होतं.

पुस्तक आलं. प्रतिलिपीवरची कथा मात्र काढावी लागली. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी तर ॲमेझॉनच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. आणि सिलेक्टमध्ये असताना, म्हणजे एका वेळी ९० दिवस, तोच डिजिटल मजकूर दुसरीकडे ठेवता येत नाही. ‘पुढचा भाग कधी’ विचारणारे वाचक तिथेच राहिले, याचं ताईंना दुःख झालं. ते खरं नुकसान होतं आणि मी ते कमी करून दाखवलं नाही. नवीन लिहिणाऱ्यांनी हा निर्णय शांतपणे, आकड्यांबरोबर स्वतःच्या मनाचाही विचार करून घ्यावा. किती पानं वाचली गेली याचा आलेख दिवसातून दहादा उघडणाऱ्यांना मी आठवड्याचा एक वार ठरवून देते. आलेख पुस्तकाच्या खपाचा असतो, आपल्या लायकीचा नसतो, हे रोज दहा वेळा आठवणं कुणालाच जमत नाही.

काही महिन्यांनी शुभांगीताई एक अभिप्राय घेऊन आल्या. दोन तारे, आणि एक ओळ: ‘शेवट घाईत उरकलाय.’ पूर्वी अशी ओळ वाचून त्या आठवडाभर जेवल्या नसत्या.

“खरंच घाईत आहे का शेवट?” मी विचारलं.

त्यांनी विचार केला. “आहे. तेव्हा मुलीची बारावीची प्रॅक्टिकल चालू होती.”

दुसऱ्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं त्यांनी मार्चअखेर संपल्याशिवाय लिहायला घेतली नाहीत. मुखपृष्ठावर नाव तेच जुनं टोपणनाव आहे. सासूबाईंना अजून माहीत नाही, आणि ताईंना त्याची चिंता वाटत नाही.