बालवर्गाला किराणा दुकानात नेताना

ताई, महिन्याचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा याद्यांची रास असते, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास न्या. शाळेतून निघण्याआधीच मुलांची शू उरकून घ्या. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

काट्यापाशी मात्र रेंगाळा. पाव किलो चुरमुरे आणि पाव किलो साखर वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून घ्या. एक पिशवी टम्म फुगलेली, दुसरी एवढीशी. काट्यावर आकडा तोच. इथे समजावत बसू नका, दोन्ही हातांत धरू द्या.

मुलं पोत्यांत हात घालणारच. त्यापेक्षा वाटीभर तूरडाळ मागून घ्या. वाटाणे-शेंगदाणे नाकात जातात, लक्ष ठेवा. मिरचीच्या पोत्यापासून लांबच. तोच हात डोळ्याला लागतो.

प्रत्येकाला दहाचं नाणं द्या, पाच रुपयांची वस्तू घ्यायला लावा. सुट्टे आदल्या दिवशीच दुकानात देऊन ठेवा, नाहीतर उरलेल्या पैशांची चॉकलेटं हातावर पडतात!