रत्नागिरीत हॅम (हौशी रेडिओ) स्टेशन आहे, ४४नेटचा (हौशी रेडिओसाठी राखलेल्या, ४४ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांचा) /२४ ब्लॉक राउट करायला कोणती होस्टिंग कंपनी घ्यावी?

मुंबईत सर्व्हर आणि ग्राहकाच्या स्वतःच्या आयपी ब्लॉकसाठी बीजीपी (ब्लॉककडे जायचा मार्ग इंटरनेटला कळवणारी पद्धत), ही दोन्ही देणारी कंपनी घ्या. व्हल्चरकडे (Vultr) दोन्ही मिळतं. बीजीपी नसलेला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) कितीही स्वस्त असो, तुमच्या कामाचा नाही. पैसे भरण्याआधी सपोर्टला स्पष्ट विचारा: एआरडीसीचं (४४नेट सांभाळणाऱ्या संस्थेचं) एलओए, म्हणजे ब्लॉक अनाउन्स करण्याचं परवानगीपत्र, स्वीकारता का? आणि माझा स्वतःचा एएसएन (बीजीपीत नेटवर्क ओळखणारा क्रमांक) नसेल तर खासगी एएसएनवर बीजीपी सेशन द्याल का? उत्तर मोघम आलं तर दुसरीकडे बघा.

व्हीपीएसपासून घरापर्यंत वायरगार्ड (एक व्हीपीएन) टनेल टाका. आपल्याकडे घरचं कनेक्शन बऱ्याचदा सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी) असतं, तिथे ४४नेटचे जुने आयपीआयपी टनेल अडतात. वायरगार्ड घराकडून जोडणी सुरू करतो, म्हणून चालतो. घरच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा. रिफ्लेक्टर (रेडिओ स्टेशनांचा आवाज इंटरनेटवरून जोडणारा सर्व्हर) किंवा एपीआरएस (रेडिओवरून ठिकाण व छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) सर्व्हर मात्र व्हीपीएसवरच ठेवा, पावसात घरची वीज गेली तरी तो चालू राहील.

हे सगळं पूर्ण /२४, म्हणजे २५६ पत्ते असतील तरच. त्याहून लहान ब्लॉक इंटरनेटवर सहसा कुणी स्वीकारत नाही. ब्लॉक लहान असेल तर बीजीपीच्या मागे लागू नका. आणि हे पत्ते हौशी रेडिओसाठीच आहेत, धंद्याला वापरू नका.